इंदल आणि बाबांचे रविवार

इंदल गेल्याची बातमी माझ्या आधी बाबांना कळली. त्याच्या बायकोनं, सुनीतानं, दवाखान्यातून पहिला फोन बोरी अरबला माझ्या वडिलांना केला. मी त्याचा कॉलेजमित्र, तीन वर्षं एका बाकावर बसलेला. पण मला फोन आला तो बाबांचा. बाभुळगावच्या शाळेत माझा आठवीचा तास चालू होता. "इंदल गेला रे," बाबा म्हणाले. मग, "तू ये. मले घेऊन चाल." व्हरांड्यात उभा राहून फोन खिशात ठेवताना मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. सुनीतानं आधी बाबांना का सांगितलं, हा होता. लिहायला लाज वाटते... पण इंदलबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करावी लागेल. कारण वीस-बावीस वर्षांच्या मैत्रीत त्याचा हेवा केला नाही असं माझं एकही वर्ष गेलं नाही.

आम्ही दारव्ह्याला बी.ए. करत होतो तेव्हा बाबांनी मला कॉम्प्युटर घेऊन दिला. गावात घरगुती असा तो पहिलाच. इंदलचा बंजाऱ्यांचा तांडा आमच्या गावापासून तीनेक किलोमीटरवर. दर रविवारी तो सायकलनं यायचा. यवतमाळहून मी गेमच्या सीडी आणायचो. मला आवडायचे ते गोष्टीचे गेम. त्यात आपण एक माणूस घ्यायचा, त्याला नाव द्यायचं आणि त्याच्या अंगात शिरून परक्या राज्यात हिंडायचं. वाटेत लोक भेटतात, अडचणी सांगतात, आणि पडद्यावर आलेल्या तीन-चार उत्तरांपैकी आपण एक निवडायचं. मी असा गेम चार रविवारांत संपवायचो. कोणती तलवार कुठे मिळते, कोणतं उत्तर दिलं की फायदा होतो, हे सगळं सायबर कॅफेतून छापून आणायचो. इंदलनं तो कागद एकदा पाहिला आणि बाजूला ठेवला. "पेपर फुटल्यावर पास झालं तं काय झालं?" एवढंच म्हणाला.

खेळण्याबद्दल त्याची मतं अशी होती, आणि ती तो चहा फुंकत, सहज बोलता बोलता सांगायचा. लढाई म्हणजे ढेकळं फोडणं. ती करावी लागते म्हणून करायची, खरी मजा बोलण्यात. नव्या गावात शिरलं की आधी प्रत्येकाशी बोलून घ्यायचं, मग काम. आणि चुकलं तर मागे जाऊन पुन्हा खेळायचं नाही. माझं मात्र दर पाच मिनिटांनी खेळ जतन करणं चाले. वाईट घडलं की मागे, पुन्हा वाईट घडलं की पुन्हा मागे. "तुह्या गेममधी कोनी मरतच नाई," तो म्हणायचा, "मंग कोनाची आठवन कायले ठेवतं तू?" त्याच्या माणसाची पिशवी कायम गच्च भरलेली असायची, ओझ्यानं तो मुंगीच्या चालीनं चालायचा. मी म्हणायचो, टाक ते भंगार. तो हसायचा. "आमच्या पनज्यानं बैलायवर मीठ वाह्यलं. माल रस्त्यात टाकनं आमच्यात नाई." हवं तर राजाचा हरवलेला मुलगा होता यायचं, पण इंदल कधी झाला नाही. सगळ्यांनाच राजपुत्र व्हायचं असतं, मग गावात पाणी कोण भरणार, असं त्याचं म्हणणं.

एका रविवारी बाबा खोलीत आले. शेतातून आले होते, धोतराला काडीकचरा चिकटलेला. पडद्यावर एक म्हातारा नावाडी होता. त्याचा मुलगा लढाईवर गेलेला, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता की माझा पोरगा कुठे दिसला का. आदल्याच रविवारी खेळात इंदलनं त्या मुलाचं प्रेत पाहिलं होतं. बाबांनी विचारलं, "काय म्हनते तो बुढा?" मी म्हणालो, काही नाही बाबा, गेम आहे. इंदलनं मात्र खुर्ची सरकवून त्यांना जागा करून दिली आणि इंग्रजीतलं सगळं आमच्या बोलीत सांगितलं. असं सांगितलं की तो नावाडी आमच्याकडच्या बेंबळा नदीच्या काठावर बसलेला वाटावा. मग म्हणाला, "काका, तीन उत्तरं हायेत. खरं सांगाचं, पोरगा खुशाल हाये म्हनाचं, नाई तं गप राह्यचं. काय करू?" बाबांनी धोतराला चिकटलेली एक काडी काढून बोटांत फिरवली. मग म्हणाले, "खरं सांग. नाई तं तो रोज वाट पाहून राह्यल." इंदलनं खरं सांगितलं. नावाड्यानं वल्हं खाली ठेवलं आणि त्या दिवशी पैलतीराला नेलं नाही. इंदलला लांबून, पुलावरून जावं लागलं.

त्यानंतर बाबांनी रविवार चुकवला नाही. माझ्या निकालाबद्दल, माझ्या कवितेबद्दल, माझ्या बक्षिसांबद्दल "हं" यापलीकडे न बोलणारा हा माणूस बुधवारी जेवताना मला विचारायचा, "त्या राणीचं काय झालं असन रे?" मी ती राणी कधीच जिंकून मोकळा झालो होतो. शेवट मला पाठ होता. "इंदलले विचारा," मी म्हणायचो. रविवारी तो आला की मी पानठेल्यावर निघून जायचो. घर माझं, कॉम्प्युटर माझा, बाप माझा... आणि खिडकीतून दोघांचं हसणं बाहेर ऐकू यायचं.

पुढे मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दिवाळीच्या आधीच्या एका मंगळवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कॉम्प्युटर लावला आणि इंदलचा तो खेळ, चार महिन्यांचा, पुसून टाकला. एक बटण दाबलं, मशीननं विचारलं की नक्की ना, मी नक्की म्हणालो. रविवारी इंदलनं जतन केलेल्या खेळांची यादी पाहिली. माझे अकरा खेळ तसेच होते, त्याचा एक नव्हता. तो पडद्याकडे पाहत राहिला, मग बाबांकडे वळून म्हणाला, "काका, लाइटीनं घोटाळा केला. सगळं मिटलं." त्या काळात वीज दिवसातून आठ-आठ तास जायची, बाबांनी लगेच मानलं. मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता हे संपलं. बाबा म्हणाले, "मंग तो नावाडी पुन्हा भेटन का?" इंदल म्हणाला, "भेटन नं, काका." दोघं पहिल्यापासून सुरू झाले. यावेळी माणसाचं नाव बाबांनी ठेवलं, आणि चार महिने आणखी वाढले.

पुढे मी शिक्षक झालो. इंदल राजूरला कोळसा खाणीत ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला लागला. लग्नं झाली, मुलं झाली. आई गेल्यावर बाबा बोरी अरबला एकटे राहू लागले. बाभुळगावला या म्हटलं तर येत नसत. इंदल मात्र महिन्यातल्या एका सुट्टीला एवढ्या लांबून एसटीनं लॅपटॉप घेऊन यायचा आणि दिवसभर बाबांशी खेळून जायचा. नव्या गेमबद्दल तो कुरकुरायचा. नकाशाभर बाण आणि खुणा, "बोट धरून नेत असन तं मी कायले चालू?" मीही जायचो, दर पंधरवड्याला. औषधं आणायचो, वीजबिल भरायचो, डॉक्टरकडे न्यायचो. निघताना बाबा विचारायचे, "इंदल या महिन्यात कवा येते, काई म्हनला का?"

त्याची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. यवतमाळला तो डायलिसिसला यायचा. बाभुळगावहून मी भेटायला जायचो. शेवटच्या भेटीत तो खाटेवर पडून होता, हातात नळी. काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेलो. "इंदल, तो तुझा खेळ लाइटीनं नव्हता गेला."

"मले तवाच समजलं," तो म्हणाला. "लाइट गेली तं सगळ्यायचे जातीन. माहाच काहून जाईन?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तं तुह्या घरी येनं बंद झालं असतं." त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "माहा बाप मी चार वर्साचा असताना गेला. याडी, माही माय, सांगे तेवढाच मले माहीत. तुले बाप होता... अन् तू पानठेल्यावर जात जाये." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. माफ करणंसुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं, आणि बसमध्ये परतताना मला त्याचाही हेवा वाटला. पुढच्या आठवड्यात तो गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

तेरवीनंतर सुनीतानं लॅपटॉप बाबांच्या हाती दिला. म्हणाली, "ते म्हनत होते, काकाले द्या." मी शेजारीच बसलो होतो. बाबांना मशीन सुरू करता येत नाही. गेल्या रविवारी मी बोरी अरबला गेलो तेव्हा ते टेबलावर मांडून ठेवलेलं होतं, वरची धूळ उपरण्यानं पुसलेली. "लाव," ते म्हणाले. इंदलचा अर्धवट खेळ उघडला. एका चौकीवर पहारेकरी उभा होता. मागे उपाशी माणसांची रांग, आणि आत सोडायचा अधिकार त्याला नव्हता. मी वाचलं, मराठी केलं. अडखळतच केलं, आमच्या बोलीतलं मला आता पटकन आठवत नाही. चार उत्तरं होती. मी बोट बटणावर नेलं.

"थांब," बाबा म्हणाले. "असा नाई खेळत तो. वाचून झालं की माउस सोडे, अन् खुर्ची माह्याकडं फिरवून बसे. मी सांगत नाई तोवर तिकडं पाहेच ना."

मी माउस सोडला. खुर्ची फिरवली. ऐंशीच्या घरातले माझे वडील एका पहारेकऱ्याचा विचार करत होते. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते, अंगठा धोतराच्या काठावरून फिरत होता, मध्येच भुवया वर जात होत्या आणि काही पटलं नाही की मान हलत होती. कुणाला उपाशी ठेवू नये आणि कुणाची नोकरीही जाऊ नये, असं उत्तर ते शोधत होते. त्यांचा चेहरा असा होतो हे मला माहीत नव्हतं. मी चाळिशी ओलांडली आहे आणि हे पहिल्यांदा पाहत होतो. इंदल वीस वर्षं पाहत आला होता.

बाबांना घाई नव्हती. मीही मग केली नाही.