पडद्याकडे पाठ

पडद्याकडे पाठ करून सिनेमा पाहणारा माणूस अख्ख्या भिलाईत एकच, आणि तो आमच्याच खालच्या मजल्यावर राहतो. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. सगळी नोकरी त्यांनी पोलाद कारखान्यात, भट्टीच्या कंट्रोल रूममधल्या मीटरच्या काट्यांवर नजर ठेवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी सिनेमा दाखवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. प्रोजेक्टर लावायचा, पहिल्या रांगेसमोर खुर्ची उलटी मांडायची आणि आमची तोंडं बघत बसायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "काकाजी, सिनेमा तुमच्या मागं आहे." तर म्हणाले, "भट्टीत मुंडकं घालून कोणी पाहते काय? बाहेरचे काटे पाहा लागते. तुम्ही माझे काटे." तेव्हापासून हॉलमध्ये धड जांभई देण्याची सोय राहिली नाही. एकदा माझा डोळा लागला तर त्यांनी सिनेमा थांबवून मला चहा पाजला. माझं प्रेशर डाऊन झालं होतं म्हणे.

सिनेमा संपला की ते दाराशी उभे राहत. नुसतं "चांगला होता" म्हणणाऱ्याची सुटका नसे. कुठं चांगला, कावून, म्हणजे का चांगला, याचा खुलासा द्यावा लागे. सिविक सेंटरला खरेदीला जायची घाई असलेल्या एका गृहस्थांनी शेवटी चपला मागच्या दाराशी काढायला सुरुवात केली.

आम्ही हसायचो, पण काकी गेल्या होत्या, मुलगी बंगळुरूला होती आणि आजूबाजूचे क्वार्टर एकेक करून रिकामे होत होते. माणसांत बसायला काकाजींना तो एकच रविवार उरला होता. मंडळाला मात्र हॉल योगवर्गासाठी हवा होता. अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, की या वेळी लोकांना सिनेमा आवडला नाही तर कार्यक्रम बंद. कोणाही शहाण्या माणसाने अशा वेळी खदखदून हसवणारं काहीतरी लावलं असतं. काकाजींनी लावला अमेरिकेतल्या एका शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीवरचा सिनेमा, कोणा नवख्या दिग्दर्शकाने पदरमोड करून काढलेला. त्यात एक निवृत्त बस ड्रायव्हर घराच्या पायरीवर बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतो आणि संध्याकाळी मुलाला फोन लावतो. मुलगा उचलत नाही. एवढंच.

दाराशी जबान्या सुरू झाल्या. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "मी मुलाकडे राहून आलो आहे. तिकडे कोणी पायरीवर बसत नाही. ही अमेरिका नाहीच." कारखान्यातले एक क्लार्क म्हणाले, "आता गोळी चालते, मग चालते, म्हणून मी कान दाबून बसलो होतो. चाललीच नाही ना बाप्पा." कॉलेजातली एक मुलगी "अंकल, स्टोरीच नहीं है" म्हणून मोकळी झाली. कुम्हारीहून बसने येणाऱ्या एक वहिनी मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्या दर वेळी विणकाम घेऊन बसत आणि पडद्यावर काहीही झालं तरी त्यांचे हात थांबत नसत. काकाजींनी त्यांना अडवलं नाही, बाजूला होऊन वाट दिली.

अध्यक्षांनी तिथंच निकाल सांगून टाकला. काकाजी त्यांना म्हणाले, "साहेब, फोन वाजून राहिला होता ना, तवा वहिनीच्या सुया थांबल्या होत्या. मी पाहिलं." अध्यक्ष म्हणाले, "अहो, सुयांवर हॉल चालतो का?" काकाजींनी प्रोजेक्टरची वायर नीट गुंडाळली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून घरी आले. त्या दिवशी त्यांनी मला काहीही विचारलं नाही, आणि मला ते फार लागलं.

आता त्या रविवारी हॉलमध्ये योग चालतो. काकाजी घरीच टीव्हीवर सिनेमा लावतात. खालून इंग्रजी संवाद ऐकू येतात, पण कोणाशी बोलल्याचा आवाज येत नाही. परवा जिन्यात भेटले. म्हणाले, "काल एक पाहिला."

मी विचारलं, "कसा होता?"

त्यांनी कठडा धरला. "काय सांगू गा," म्हणाले, "मले समजलाच नाही. समोर कोणी बसलं नव्हतं."

मी म्हटलं, "आज पुन्हा लावा. मी येतो."

"हौ, ये," ते म्हणाले. कुलपात किल्ली घालता घालता थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण संपला म्हणून लगेच उठू नको. थोडा वेळ बसजो."