पाहुणे येईपर्यंतची बेस गिटार

त्या माणसाचं वादन मी पाच वर्षांत एकतीस वेळा समोर बसून ऐकलं. आकडा अंदाजाचा नाही. प्रत्येक वेळी घरी आल्यावर कॅलेंडरवर तारखेखाली पेन्सिलीने टिंब केलं आहे आणि जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही. एकतीस वेळा ऐकून माझं मत असं झालं की त्या काळात रत्नागिरीत त्याच्या तोडीचा वाजवणारा दुसरा नव्हता. हे मत तेव्हा कुणाला पटलं नाही. आज पटवत बसायची माझी इच्छा नाही, पण ते मागेही घेत नाही.

तो बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांची ही गिटार घेऊन माणूस ऑर्केस्ट्रात सगळ्यात मागे, ड्रमशेजारी उभा असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. खाडीकाठच्या मुस्लिम वस्तीत त्याचं घर, वडील जहाजावर खलाशी. हा तरुणपणी आखातात गेला, तिथल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये गोव्याच्या वादकांकडून जॅझ शिकला आणि आई एकटी पडली म्हणून परत आला. इथे काम मिळालं ते लग्नात आणि गणपतीत सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते १९९८ साली, पालीला एका रिसेप्शनमध्ये. जेवणाची रांग त्याच्या स्पीकरजवळून जात होती. हातातल्या ताटलीत आमटीची वाटी थरथरत होती. माझी नोकरी विजेचे मीटर तपासण्याची, चकतीचे फेरे मोजण्यात उमर गेलेली. सवयीने मोजायला लागलो. गाणं चार मात्रांचं आणि हा वाजवत होता सात-सात मात्रांचे तुकडे. मला वाटलं, चुकतोय. पण अठ्ठावीस मात्रा झाल्या आणि दोन्ही हिशेब एका जागी जुळले. तो गाण्याबरोबर पुन्हा पहिल्या मात्रेवर हजर! त्याने तेच परत केलं. परत जुळलं. गायिकेला पत्ता नाही, नाचणाऱ्यांना नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाठलं. "साताचा तुकडा चाराच्या गाण्यात बसवता ना तुम्ही?"

वायर गुंडाळता गुंडाळता तो थांबला. "कोणी सांगितलं?"

"मोजलं."

"सहा वर्षांत कोणी मोजलं नाय हो साहेब. मालक तर म्हणतो, तू तारा खाजवतोस."

मग मी त्याच्या मागे हिंडू लागलो. चिपळूण, लोट्याच्या कंपनीची कॉलनी, जमेल तिथे. महिन्या-दीड महिन्याने तो, ड्रमवाला आणि कीबोर्डवाला मिळून एखाद्या रविवारी दुपारी स्वतःचं संगीत वाजवायचे: खाली आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाचा ठेका, वर जॅझ. ऐकणारे जास्तीत जास्त सतरा. एकदा दोनच, मी आणि हॉलचा वॉचमन. चिपळूणला एकदा मध्येच वीज गेली. बाकीचे थांबले, हा थांबला नाही. विजेशिवाय बेस गिटार हातभर अंतरावरही धड ऐकू येत नाही, म्हणून मी स्टेजच्या कडेला कान नेऊन उभा राहिलो. तीच चीज त्याने दोनदा सारखी कधी वाजवली नाही. पण माझं मन बसलं ते तो जिथे वाजवत नसे त्या मात्रांवर. ती रिकामी जागा तो इतकी अचूक ठेवायचा की तिथे काही वाजलं असतं तर खटकलं असतं.

बायको म्हणायची, "अहो, समोर बाई गाते आणि तुम्ही खाली मान घालून बोटं मोजता. लोकांना वाटतं जप करताय."

२००२ साली ऑर्केस्ट्राच्या मालकाने नवा कीबोर्ड आणला. त्यावर डाव्या हाताने बेस वाजवता यायचा. मालकाने याला सांगून टाकलं, "गणपतीच्या हंगामात कुणी तुला मागितलं तर ठेवतो. नाहीतर सुट्टी." लोट्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा होती. "जातो तिकडे," तो मला म्हणाला, "आणि गिटार विकतो. घरात ठेवून करायचं काय?"

मी तेव्हा आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सव समितीत होतो. बैठकीत म्हटलं, ऑर्केस्ट्राच्या आधी याला पंधरा मिनिटं द्या, त्याच्या स्वतःच्या संगीतासाठी.

"बेस ऐकायला येणार कोण?"

"मी."

"म्हणजे तुमच्या एकट्यासाठी मंडप घालायचा काय?" सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "वाजवू दे रे, पाहुणे येईपर्यंत. तोपर्यंत कोणीतरी लागतंच."

आमच्याकडे प्रमुख पाहुणे उशिरा येतात आणि आले की स्टेजवर जे चालू असेल ते जागच्या जागी थांबतं. एका वर्षी तर श्लोक म्हणणाऱ्या मुलीला अर्ध्या ओळीत खाली उतरवलं होतं. हे माहीत असून मी हो म्हटलं. ही माझी चूक.

त्या संध्याकाळी सातला तो आणि ड्रमवाला दोघेच उभे राहिले. जाखडीचा ठेका सुरू झाला तसा मागे बसलेल्या बायकांच्या पायांनी तो धरला. वरून त्याने साताचे तुकडे टाकायला सुरुवात केली. आणि नवव्या मिनिटाला पाहुण्यांची गाडी आली. नेमकी त्याच वर्षी लवकर. अध्यक्षांनी रुमाल हलवला. मी स्टेजच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो आणि साऊंडवाल्याला म्हटलं, बटणाला हात लावू नको.

"बाजूला व्हा! पाहुणे उभे आहेत."

"बसवा त्यांना."

"हे संपणार कधी?"

"पंधरा मिनिटं ठरली होती. नऊ झाली."

"अहो, लाज आहे का काही?"

"आहे. म्हणूनच उभा आहे."

पाहुणे सहा मिनिटं थांबले. शेवटची मात्रा वाजली, तो पहिलीवर येऊन थांबला आणि मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या दोन रांगांनी वाजवल्या नाहीत. मालकाने त्याच आठवड्यात त्याला काढलं. पाहुण्यांना खोळंबवणारा वादक त्याला नको होता. समितीने मला लेखी माफी मागायला सांगितलं. मी लिहून दिलं, पाहुण्यांना उभं राहावं लागलं याचं वाईट वाटतं, वादन थांबवलं नाही याचं नाही. त्यांनी माझं नाव कमी केलं.

मी त्याच्या घरी गेलो. "माझ्यामुळे काम गेलं तुमचं."

"काम जाणारच होतं, साहेब."

"गिटार विकलीत?"

"आता कशी विकू? मध्येच थांबवलं असतं तर विकली असती. पुरी वाजवली ना."

तो लोट्याला लागला. साप्ताहिक सुट्टी असली की गिटार आणि छोटा स्पीकर घेऊन माझ्या अंगणात येतो. ड्रमवाला जमलं तर येतो. अध्यक्षांनी आवाज कमी करण्याबद्दल दोनदा निरोप पाठवला. मी कमी केला नाही. तो दुपारी चार ते सहा वाजवतो. त्या वेळेत वाजवायला हरकत नाही, हे मी पोलीस ठाण्यावर जाऊन विचारून आलो आहे.