सावड फिटली

आमच्याकडे कांदा लावतात बायका आणि कांद्याच्या भावावर बोलतात पुरुष. लग्न होऊन इथे आल्यावर हे मी पहिल्याच हंगामात बोलून दाखवलं आणि तेव्हापासून सासरी तोंडाळ म्हणून माझी ख्याती झाली. माहेर लासलगावकडचं, सासर नामपूरच्या अलीकडचं. जिल्हा एकच, पण बोली दुसरीच. नवीन असताना बायका भराभर अहिराणी बोलायच्या आणि मी आपली न कळता मान हलवायची. मला माणसांत आणलं ते माझ्या चुलत जाऊबाईंनी. त्यांचं वावर आमच्या बांधाला लागून, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी त्यांना बाई म्हणते. माझी मोडकीतोडकी अहिराणी ऐकून त्या इतकं हसायच्या की शेवटी मी मुद्दामच चुकीचं बोलायला लागले.

त्यांनीच मला सावडीत घेतलं. सावड म्हणजे आज आम्ही सगळ्या तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या शेतात. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, दिवसाची फेड दिवसाने. ज्या घरचं काम असेल तिने दुपारचं जेवण आणायचं, एवढंच. उन्हाळ कांद्याची लागवड थंडीत येते. वाफ्यात पाणी सोडायचं, त्या गार चिखलात उकिडवं बसायचं आणि एकेक रोप अंगठ्याने दाबत मागे सरकत जायचं. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. काम कुणाला आवडावं असं अजिबात नाही, उगाच कशाला गोडवे गाऊ. पण ओळीने बसलेल्या आम्ही सहाजणी दिवसभर बोलायचो. कुणाच्या सासूचं, कुणाच्या पोटदुखीचं, कुणाची पोरगी कुठे दिली त्याचं. सगळ्या गावाची आम्ही वाफ्यात बसून उलटतपासणी घ्यायचो.

सावडीची एक गंमत अशी की ती कधी पुरती फिटायची नाही. कुणाला ताप यायचा, कुणाला माहेरी जावं लागायचं, मग तो राहिलेला दिवस खुरपणीला फेडायचा, नाहीतर काढणीला. कुणाचा तरी एखादा दिवस कुणाकडे बाकी असायचाच. त्या बाकीच्या जोरावर बाई बांधावरून मला हाका मारायच्या आणि मी भाकरी तव्यावर टाकून निघायची.

आमचे हे शहरात, अंबडच्या एमआयडीसीत कंपनीत कामाला. पोरगी कॉलेजसाठी त्यांच्याजवळच राहते, तिथे एक खोली आहे. आधी ते दर सुट्टीला यायचे, मग एक सुट्टी सोडून, आता सणाला येतात. त्यांना दोष देत नाही. ओव्हरटाइम मिळाला तर तो सोडून गाय बघायला कोण येणार? घरात मी, गाय आणि टीव्ही. टीव्ही मी बातम्यांसाठी नाही, आवाजासाठी लावते. तेव्हा लागवडीचे ते दिवस माझ्यासाठी काय होते हे कुणाला समजावून सांगायला नको. वर्षभराचं बोलणं मी त्या दिवसांत उरकून घ्यायची.

मग खात्यात पैसे यायला लागले. शेताचे सरकारी हप्ते आधीपासून यायचे, पण ते यांच्या नावावर. बायकांच्या खात्यात दर महिन्याला दीड हजार येऊ लागले, तेव्हा आमच्या गल्लीत पहिल्यांदा असे पैसे आले जे कुणाला मागावे लागले नव्हते. शहरातली माणसं याला फुकटचे पैसे म्हणतात. म्हणोत बापडी. लुगडं फाटलं हे नवऱ्याला दाखवून पैसे मागावे लागले की माणूस आतून किती लहान होतं ते त्यांनी अनुभवलेलं नसतं. पहिल्या पैशांतून मी गायीला पेंड आणली आणि मला एक स्वेटर घेतला. रंग कुणाला विचारला नाही. बाईंनी चष्मा केला. तोवर त्या सुई ओवायला माझ्याकडे यायच्या. चष्मा आल्यावर यायचं कारण राहिलं नाही, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. मला आपला त्यांचा आनंद दिसत होता.

त्या वर्षी थंडीत बाईंच्या शेतात लागवड निघाली. नेहमीसारख्या आम्ही गेलो. बाईंचे गुडघे फार दुखत होते, म्हणून त्या बांधावर बसून रोपाच्या जुड्या सोडून देत होत्या. दुपारी त्यांनी शेवभाजी केली होती, एरवी ठेचा-भाकरीवर भागवायच्या. संध्याकाळी हातपाय धुऊन मी निघाले तर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पदराच्या गाठीतून नोटा काढल्या.

"हाई ठेव," त्या म्हणाल्या. "आजनी मजुरी शे."

"मजुरी कसली, बाई? सावड आहे ना आपली?"

"मना गुडघा बसू देत नई. तुना वावरमा मी कशी येसू? तुना दिन मना डोकावर नको."

मी नको नको म्हणत राहिले आणि त्या माझ्या मुठीत नोटा कोंबत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी हात मागे घेऊ शकले नाही. जन्मभर या बाईने दुसऱ्यांना श्रम दिले, नाहीतर भाकरी दिली. पैसे देण्याची ऐपत तिच्याकडे पहिल्यांदाच आली होती आणि ती ती मिरवत होती. मी पैसे घेतले. घरी येऊन मात्र मला रडू आलं. परक्या मजूर बाईसारखं मला मोकळं केलं, असं वाटत राहिलं. रागही आला. पण राग कुणावर काढायचा? त्यांनी दिली होती ती मजुरी चोख होती.

बाईंनी दिली म्हणून मग दुसरीने दिली. तिसरीने सावडच मोडली आणि सुरगाण्याकडची टोळी बोलावली. हळूहळू सगळ्यांचं तेच झालं. एकराचं उक्तं ठरवायचं, फोन करायचा, सकाळी पिकअप भरून माणसं येतात. मीही तेच केलं, दुसरं काय करणार? सवयीने मी सगळ्यांसाठी भाकऱ्या थापून नेल्या. त्यांनी त्यांच्या नागलीच्या भाकरी बांधून आणल्या होत्या. माझ्याही चार त्यांनी मान राखून खाल्ल्या आणि पुन्हा कामाला बसले. त्यांच्यातही चेष्टामस्करी चालली होती, एका पोरीने काहीतरी सांगितलं आणि सगळी ओळ हसली. त्यांची बोली मला कळेना. आपल्याच वावराच्या बांधावर मी पाहुणी असल्यासारखी उभी होते. लागवड मात्र एका दिवसात उरकली आणि आमच्यापेक्षा सरळ झाली, हे कबूल केलं पाहिजे.

यंदा मी ठरवलं, आपण होऊन जायचं. बाईंनी या वेळी टोळी सांगितली होती ती ऐनवेळी दुसरीकडे गेली. रोप उपटून ठेवलेलं, वाफ्यांत पाणी सोडलेलं. त्यांची सून एकटीच लावत होती. मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. मग बांधावर बसलेल्या बाईंकडे बघून सरळच सांगून टाकलं.

"बाई, पैसे देऊ नका. माझा दिवस तुमच्यावर राहू द्या."

"मी आते कशी फेडसू, वं?"

"लावायला नका येऊ. माझ्या बांधावर येऊन नुसतं बसा. मी लावते, तुम्ही बोला. तेवढ्यात फिटलं."

त्या चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बरं." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दिवसभर मी बडबडत होते. सुनेला मी जुन्या सावडीतल्या गोष्टी सांगितल्या, बाईंनी त्यांत भर घातली, माझ्या पहिल्या वर्षीच्या अहिराणीची नक्कल करून दाखवली. सून चिखलाच्या हाताने तोंड झाकून हसली. घरी येताना माझी कंबर ठणकत होती आणि मी मनात ठरवत होते, रविवारी आपली लागवड काढू, बाईंना आवडतं तसं मठाचं कालवण करू, त्यांना बसायला घरातली खुर्ची बांधावर नेऊ.

चूल पेटवत होते तेव्हा फोन वाजला. बँकेचा मेसेज होता. आधी वाटलं महिन्याचे आले, मग वाटलं यांनी पाठवले. नीट वाचलं तर बाईंचं नाव. चालू मजुरीपेक्षा शंभर रुपये जास्तच होते. मुठीत कोंबलेल्या नोटांना निदान नको म्हणता आलं होतं. हे पैसे मला न विचारताच येऊन बसले होते.

सकाळी गायीला पाणी दाखवत होते तर बाई बांधापर्यंत आल्या, काठी टेकत.

"पैसा उनात का, वं?" त्यांनी विचारलं. "मी सोता धाडात. सुनने शिकाडं."

पहिल्यांदा सायकल चालवलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा झाला होता. तुम्ही मला तुमच्याकडे एवढंही बाकी ठेवू दिलं नाही, असं म्हणायचं ओठावर आलं होतं. तोंडाळ म्हणून माझी ख्याती, पण ते काही बाहेर पडलं नाही.

"आले, बाई."

"मंग फिटनं," त्या म्हणाल्या आणि समाधानाने घराकडे वळल्या.

रविवारी माझ्याकडे सुरगाण्याची टोळी आली. लागवड दुपारीच आटोपली. बाईंना माझ्या बांधावर येण्याचं आता काही कारण नव्हतं आणि त्या आल्या नाहीत.