बारवेची शेवटची पायरी आणि माझा नारू

“गिनी वर्म,” हमीद माझ्या घोट्यावर वाकून म्हणाला. शेजारी बसलेल्या वसंतानं त्याचा उलगडा केला, “नारू हाय काका तुमाला.”

नारू आहे हे मलाही कळत होतं. फोड फुटून सुतासारखं पांढरं टोक बाहेर लोंबत असताना ते ओळखायला हैदराबादला जाऊन शिकावं लागत नाही. मला एवढंच विचारायचं होतं, की पाय राहील का. हमीद म्हणाला, “देखेंगे.” हा शब्द मला मुळीच आवडला नाही.

ज्यांच्या गावात अजून नारू निघतो, त्यांनी माझं पुढचं नीट वाचावं.

ही दोघं हैदराबादच्या डाक्टरी शाळेतली पोरं. वसंता मोमिनाबादचा, हमीद तिकडचाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी कपिलधारेच्या धर्मशाळेत एक खोली मागून घेतली होती आणि येईल त्याला फुकट तपासत होती. ‘नीम हकीम खतरे जान’ म्हणून आमच्या थोरल्या बंधूंनी माझी चेष्टा केली. पण आमच्या गावात वैदूनं एकाचा नारू हिसडा देऊन तोडला होता, आणि तो माणूस पुढं काठीवाचून चालला नाही. त्या भीतीनं मी चार कोस बैलगाडीत पडून आलो.

हमीदनं ते टोक एका बारीक काडीला गुंडाळलं. रोज बोटभर गुंडाळायचं, जास्त नाही. “चाचा, खींचना नहीं. टूटा तो पैर गया.” काडी पट्टीनं घोट्याला बांधली. मग धर्मशाळेच्या ओसरीवर पडून राहणं आणि पाय न हलवणं, एवढंच काम. माझ्यासारख्या हुकूम सोडणाऱ्या माणसाला ते फार जड गेलं.

चौथ्या दिवशी आग असह्य झाली. मी म्हणालो, “घरी असतो तर बारवेत पाय सोडून बसलो असतो. दुपारभर बसत होतो, लई बरं वाटायचं.”

वसंता उठून आत गेला. त्यानं एक पितळी थाळी आणली, गार पाणी ओतलं आणि माझा पाय त्यात ठेवला. थोड्या वेळात फोडातून दुधासारखी धार पाण्यात पसरली. थेंबभर पाणी काचेवर घेऊन त्यानं मला बारीक ते मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली पाहायला लावलं. केसाहून बारीक असं काहीतरी वळवळत होतं.

“ही नारूची पिल्लं, काका. पान्यातले बारके किडे ह्यांना खात्यात, अन् ते किडे पान्यासंगं मानसाच्या पोटात. म्हंजे पुढल्या साली त्याला नारू.”

मी विचारलं, “माझ्या गावात?”

“तुमी बारवेत बसत होता न्हवं?”

त्याच्याजवळ एक वही होती. येणारा कुठल्या वस्तीतला आणि त्याला काय झालंय, ते त्यात लिहिलेलं. पानं उलटत तो म्हणाला, “एक कळंना. तुमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मानसं तापासाठी आली, खरजेसाठी आली. नारू एकालाबी न्हाई. कावून?”

उत्तर मला माहीत होतं. ती माणसं नदीच्या वाळूत झिरा उकरून पाणी पीत, कारण पाणी बाटेल म्हणून त्यांना बारवेच्या पायऱ्या उतरू देत नव्हते. कोणी उतरलं तर हुसकावण्याचं काम आमच्या घराकडं होतं. मी ते चोख केलं होतं. एकदा तर एका पोटुशी बाईला भरली घागर ओतायला लावून परत पाठवलं होतं. आणि मी स्वतः शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडत होतो. मला कोण हटकणार?

मला लाज वाटली. इतकी, की त्या दिवशी मी काडीकडं पाहिलंसुद्धा नाही.

वीस-बावीस दिवसांनी नारू अख्खा निघाला. हातभर लांब होता. पाय राहिला. दोघांना काही द्यावं म्हटलं तर घेईनात. वसंता एवढंच म्हणाला, “पानी दुहेरी फडक्यानं गाळून प्या. ज्याला नारू हाय, त्यानं पान्यात उतरू नये. तेवढं गावात सांगा.”

गावात गेल्यावर चावडीवर मी सगळं सांगितलं. बारवेत पाय मी सोडत होतो, हेही सांगितलं. बंधू म्हणाले, “पोरांनी येड लावलं बे तुला.” बाकीचे हसले. फडकं फक्त आमच्या घरी बांधलं गेलं. आमची मंडळी, भागीरथी, न चुकता गाळत असे. पण आधीचं पाणी पोटात गेलेलंच होतं, आणि त्याला औषध नव्हतं. वर्षभर मी लोकांच्या तोंडाऐवजी पायांकडं बघत हिंडलो.

पुढच्या वैशाखात गावात घरोघर नारू निघाले. भागीरथीच्या पोटरीलाही फोड आला.

मी तिच्यापुढं बसलो. ती काडी मागून घेत म्हणाली, “माजं मी गुंडाळते. तुमी नगा हात लावू.” पायाची आग होत होती, तरी ती बारवेकडं गेली नाही. अंगणात बादलीत पाय ठेवायची आणि ते पाणी दूर उकिरड्यावर ओतून यायची, लंगडत. मी बादली उचलायला गेलो, तर तिनं माझा हात बाजूला केला.

“तुमच्यापून आला,” ती म्हणाली. “माज्यापून कुनाला जानार न्हाई.”