लाभ, दोन, तीन

आता माझं शहाणपण कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

मी मूळची मुरबाडची, पण शिकले पार बंगळुरात. तिथून एक गोष्ट डोक्यात पक्की भरून आले: मूल गणित एकट्याने पुस्तकातून शिकत नाही, चार माणसांत, त्यांच्या कामातून शिकतं! डोळखांबकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत केंद्रप्रमुखांनी मला हा प्रयोग महिनाभर करू दिला. जमला तर पुढे चालू, नाही तर रामराम.

पहिल्याच दिवशी वर्ग थेट खळ्यावर! पाड्यावरच्या ठकूआजी पायलीने भात मोजत होत्या. पहिली पायली ओतली आणि म्हणाल्या, "लाभ!" मग "दोन, तीन, चार..."

माझ्या अंगावर काटा! 'एक' नाहीच? अहो, पाड्याचं स्वतःचं गणित सापडलं मला! कुणाला विचारून खात्री करावी? छे! धावत शाळेत आले, तक्त्यावरचा 'एक' खोडला आणि लिहिलं 'लाभ'.

"आजपासून आपल्या बोलीतलं गणित!"

तिसरीतली सोनी म्हणाली, "बाई, सगल्यालाच लाभ?"

"सगळ्यालाच!"

मग काय विचारता! लाभ फळा, लाभ खडू, बे लाभे बे! हजेरी घेताना मी अभिमानाने म्हणायची, "आज लाभ गैरहजर."

महिना संपला. केंद्रप्रमुख साहेब बघायला आले. ठकूआजींना मी मुद्दाम पाहुण्या म्हणून बसवलं होतं.

"सोने, नाकं किती तुला?" साहेबांनी विचारलं.

सोनीने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "साहेब, खरा सांगू का बाईंचा?"

"दोन्ही सांग."

"खरा एक. बाईंचा लाभ."

साहेब तक्त्याकडे बघतच राहिले. ठकूआजींनी कपाळाला हात लावला. "अगो बाई! लाभ फकस्त भात मोजताना म्हनायचा! दाना घरात येतो, पयला शबुद चांगला काढायचा. नाकाला कसला लाभ?"

मी मुलांवर घसरले. "मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"तुमी लय खूश होत्या," सोनी म्हणाली. "आमी सगल्यांनी ठरवला, बाई नवीन हायेत. समजून घेऊ. शिकतील हळूहळू."

साहेब डोळे पुसत हसत होते. "प्रयोग जमलाय की! चार माणसांत सांभाळून घेत शिकवणं चालूच आहे. विद्यार्थी कोण, तेवढाच घोळ झालाय. बोला, अजून किती महिने हवेत?"

आता तरी नीट बोलायचं ना? मी हात जोडून म्हणाले,

"साहेब, फक्त लाभ!"