उतार चाखणारा ओझ्बोल्ट

पोद्रेबर गावात ओझ्बोल्टपेक्षा त्याची जीभ जास्त प्रसिद्ध होती. माणूस तसा साधाच. बत्तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढली, आता पेन्शन खातो, मधमाश्या पाळतो आणि शेजाऱ्यांच्या कुंपणांना नावं ठेवतो. पण मार्चच्या पहिल्या शनिवारी, गावच्या उतारावर देशोदेशीची पंधरा-सोळा वर्षांची पोरं स्कीच्या जोड-शर्यतीला जमली, की त्या दिवसापुरता हा पेन्शनर राजा व्हायचा.

जोड-शर्यत म्हणजे सकाळी वेगाची फेरी आणि दुपारी स्लालम, म्हणजे खांबांमधून नागमोडी उतरणं. दोन्हींचा वेळ मिळवून निकाल लागतो. सकाळी काही अडचण नसते. दुपारी ऊन चढतं आणि बर्फाचा पार शिरा होतो. मग त्यावर खडेमीठ फेकावं लागतं. मिठाने बर्फ आधी पाझरतो आणि नंतर फरशीसारखा घट्ट बसतो. कमी पडलं तर पुढच्या पोरांनी खड्डे पाडून ठेवायचे आणि मागच्यांनी त्यात गुडघे मोडून घ्यायचे. जास्त पडलं तर बर्फाची साखर होते आणि पाय ठरत नाही. बेताचं किती, हे ओझ्बोल्ट बर्फ चाखून सांगायचा. गुडघ्यावर बसायचा, टोपी काढायचा, चिमूटभर बर्फ जिभेवर ठेवून डोळे मिटायचा. खाली गाव चिडीचूप. मग तो "अजून दोन मुठी" म्हणायचा, नाहीतर "बास". परदेशी प्रशिक्षक फोटो काढायचे. ओझ्बोल्टला फोटो काढलेले आवडत नसत, म्हणून तो डोळे जरा जास्तच वेळ मिटून ठेवायचा.

अशा माणसाची चव गेल्या नोव्हेंबरात गेली. साधी सर्दी, दोन दिवस ताप, आणि तिसऱ्या दिवशी नाक आणि जीभ दोघांनी एकदम संप पुकारला. खोऱ्यातल्या डॉक्टरने तोंडात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाला, "येईल परत. किंवा नाही येणार." एवढं ज्ञान घेऊन ओझ्बोल्ट घरी आला आणि मूग गिळून बसला.

गप्प बसायला कारण होतं. स्की मंडळात दोन वर्षांपासून कुजबुज चालली होती की मिठाची बादली आता नेयाकडे द्यावी. नेया म्हणजे ओझ्बोल्टच्या बायकोची भाची, राजधानीत, ल्युब्लियानात इंजिनिअर. तिच्याकडे बर्फात खुपसायचं एक यंत्र होतं, ते ओलावा आकड्यात सांगायचं. मंडळाचा अध्यक्ष सिल्वो, ओझ्बोल्टचा शाळेतला जोडीदार, त्याने कशीबशी ती कुजबुज दाबून ठेवली होती. जीभ गेल्याचं कळलं असतं तर बादलीही गेली असती, आणि बादली गेली की मार्चचा पहिला शनिवारही गेला.

घरात मात्र लपवणं कठीण होतं, कारण बायको फानिका गावातली एक नंबरची सुगरण. ओझ्बोल्टने युक्ती काढली. जे पुढ्यात येईल त्याला "वा!" म्हणायचं. संसाराच्या एकेचाळीस वर्षांत या गृहस्थाने एका पदार्थाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पहिल्या "वा!"ला फानिकाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. दहाव्याला ती लाजली. नाताळच्या पोतित्साला, म्हणजे अक्रोड भरलेल्या गुंडाळीच्या पावाला, तो "असली आजवर झाली नाही" म्हणाला, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी जाऊन केस रंगवून आली. ते पाहून ओझ्बोल्टला स्वतःची लाज वाटली. पण थांबायचं कसं, ते त्याला सुचेना.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गावात हंगामातली शेवटची डुकरं कापली. पाच घरांच्या सॉसेजचा मसाला फानिकाच करते. तिने पंचवीस किलो खडेमिठात भरडलेले मिरे, सुक्या लसणाची पूड आणि मारजोरम, म्हणजे ओव्यासारख्या वासाचा सुका पाला, कालवलं आणि पोतं तळघरात ठेवलं. तिथेच ओझ्बोल्टची उताराच्या मिठाची पोती होती, त्याच दुकानातली, तशीच पांढरी. पोत्यावर खूण करायची पद्धत त्या घरात नाही. दार उघडलं की नाक सांगतं.

शनिवारी दुपारी नऊ पोती मंडळाच्या लोकांनी वर पसरली. दहावं पोतं ओझ्बोल्टचं, त्याने स्वतः तळघरातून उचलून आणलेलं. शेवटची उभी चढण, शर्यत संपते त्या रेषेच्या लगेच वरची, तिथे तो कोणाला हात लावू देत नसे. त्याने मुठीमुठीने मीठ फेकलं. मिठात काळे ठिपके दिसले, तेव्हा तळघराची माती असेल म्हणून त्याने स्वतःलाच मनात चार शिव्या घातल्या. मग तो गुडघ्यावर बसला, टोपी काढली, बर्फ जिभेवर ठेवला.

काही नाही. गार लागलं, बस. ओझ्बोल्टची पाचावर धारण बसली. खाली तीनशे माणसं बघत होती. तो उठला, उगाच चार पावलं इकडे-तिकडे चालला, आणि एकदम त्याच्या तोंडून निघालं, "अजून दोन मुठी!" त्याने टाकल्या आणि तो खाली आला.

पहिली उतरली एक इटालियन मुलगी. झकास उतरली, रेषा ओलांडली आणि सात वेळा शिंकली. दुसरी पाच वेळा. तिसऱ्या मुलीने शेवटच्या खांबाशीच शिंक दिली आणि पाठीवर घसरत रेषा पार केली. मग कुत्री आली. आधी पोस्टमनचं बुटकं, मग सिल्वोचा शिकारी रुनो, मग खालच्या आळीतली सगळी. ती चढणीवर पसरून बर्फ चाटू लागली. शर्यत थांबली. सिल्वो भोंग्यावरून ओरडत होता, "आपापली कुत्री उचला! रुनो, हरामखोरा, तू घरी चल!"

नॉर्वेहून आलेला मुख्य पंच हाल्वर, साडेसहा फुटी गंभीर माणूस, चढणीवर गेला. त्याने बर्फ हुंगला. मग चाखला. मग परत चाखला. नेया दुभाषी म्हणून त्याच्याबरोबर होती, तिने खाली ओरडून त्याचं म्हणणं सांगितलं, "लसूण आहे म्हणतायत!"

"मारजोरम जरा कमी पडलंय का, तेही विचार," गर्दीतून फानिका म्हणाली. बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. तिला सगळं लक्षात आलं होतं.

नियमांच्या पुस्तकात लसणाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंना दोरीने कुत्री बांधून शर्यत पुढे चालू झाली. आणि खरं सांगायचं तर उतार असा टिकला की बोलायची सोय नाही. एकाहत्तराव्या नंबरची, सर्वांत शेवटची, आइसलंडची लहानखुरी पोरगी त्या चढणीवरून पहिलीसारखीच करकरत खाली आली.

हाल्वर ओझ्बोल्टसमोर येऊन उभा राहिला आणि बरंच काही बोलला. नेयाने सांगितलं, "काका, ते म्हणतायत, तीस वर्षांत शेवटच्या नंबरला असा उतार पाहिला नाही. हे मिश्रण तुम्ही मुद्दाम केलंत का? तसं असेल तर अहवालात लिहून सगळ्यांना शिफारस करतील."

सिल्वोने ओझ्बोल्टच्या बरगडीत कोपर मारलं. "हो म्हण! घराण्यातली गुपित कृती म्हण! गाढवा, बोल ना!"

हो म्हणणं किती सोपं होतं! ओझ्बोल्टने तोंड उघडलंही. तेवढ्यात ती आइसलंडची पोरगी बाजूने बूट सैल करत गेली. पातळ पोटऱ्या, एवढेएवढे गुडघे. पुढच्या वर्षी मीठ चुकलं तर यातलाच एखादा मोडायचा, आणि तोंडात बर्फ धरून आपण वर सोंग करत बसलेले असू, असं त्याला वाटलं.

"मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "चुकून पोतं बदललं. मला कळलं नाही. नोव्हेंबरपासून चव नाही मला. वासही नाही. बादली नेयाला द्या."

सिल्वोने कपाळावर हात मारला. नेया मात्र डोळे बारीक करून बघत होती. "मग दोन मुठी कमी आहेत, हे कशावरून कळलं?"

"बुटाखाली आवाज बरोबर येत नव्हता."

"माझं यंत्रही तेच म्हणालं. पण तुमच्यानंतर दहा मिनिटांनी."

ओझ्बोल्टने बुटाने बर्फ दाबून पाहिला. "म्हणजे इतकी वर्षं मी बर्फ उगाच खाल्ला?"

"तू उगाच काय काय खाल्लंस ते आपण घरी बघू," सिल्वो म्हणाला. "बादली दोघांनी धरा. तू कान लाव, ही यंत्र लावेल. संपलं!"

पण संपलं नव्हतं. गर्दी बाजूला सारत फानिका पुढे आली होती. तिचे नवे रंगवलेले केस उन्हात चमकत होते.

"नाताळची पोतित्सा?" तिने विचारलं.

"नाही कळली."

"परवाची जवाची आमटी?"

"गरम होती, एवढं कळलं."

"म्हणजे चार महिने तू मला बनवत होतास."

ओझ्बोल्टने टोपी काढली.

"आणि आधीची एकेचाळीस वर्षं? तेव्हा तर जीभ शाबूत होती! तेव्हा का नाही एक शब्द फुटला तोंडातून?"

"तेव्हा तोंड रिकामं कुठे होतं गं," तो म्हणाला. लोक हसले. तो हसला नाही. टोपी हातात चुरगाळत, एकेक शब्द शोधत म्हणाला, "आता ताटावर बसलो की काही लागतच नाही. मग ते कसं लागायचं, ते आठवत बसतो. कालचं, वीस वर्षांपूर्वीचं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातलं. आणि आठवलं की तोंडातून वा निघतं. ते काही खोटं नव्हतं, फानिका."

फानिकाने सिल्वोच्या हातातला भोंगा काढून घेतला आणि ओझ्बोल्टच्या तोंडासमोर धरला.

"परत बोल," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."