डेलला नेमकं कुठल्या बाजूला बसवायचं?

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. प्लास्टिकच्या डब्यांच्या झाकणांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात! आमच्या डार्मश्टाटच्या ऑफिसातले माझे निम्मे किस्से तर एकाच माणसाचे आहेत. डेल. अमेरिकन, नेब्रास्काच्या शेतकरी घरातला, उंची सहा फूट चार इंच. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आमच्या टीममधला सगळ्यात सीनियर माणूस. त्याची बायको उटे जर्मन. तिच्यासाठी वीस वर्षांपूर्वी इथे आला आणि इथलाच झाला.

त्याच्यासमोर जेवायला बसतो युर्गन, आमचा टीमलीड. हा गृहस्थ दह्याचा रिकामा डबा टाकतानाही झाकण वेगळं, डबा वेगळा आणि डब्यावरचा कागद वेगळा करतो. तिसरी मी, मुग्धा, पुण्याची. दुपारी बाराला "माल्त्साइट!" म्हणजे "चला जेवायला" असं एकमेकांना सांगत आम्ही किचनमध्ये जमतो, आणि अर्ध्या तासात काहीतरी घडतंच.

* * *

अमेरिकेत निवडणुकीचे दिवस होते. युर्गनने सूप ढवळत विचारलं, "डेल, तू डावा की उजवा?"

"कशाबद्दल?"

"एकूणच."

"एकूणच म्हणजे कशाबद्दल?"

युर्गनला राहवेना. उठला, किचनमधल्या व्हाइटबोर्डवर आडवी रेघ मारली, एका टोकाला 'लिंक्स' म्हणजे डावं लिहिलं, दुसऱ्या टोकाला 'रेष्ट्स' म्हणजे उजवं, आणि मध्ये एक लाल मॅग्नेट चिकटवलं. "हा तू. आल्झो, चला तर, सुरू करू. सरकारनं सगळ्यांना आरोग्य विमा द्यावा?"

"अर्थात." मॅग्नेट डावीकडे.

"बंदुका?"

"माझ्या तीन आहेत. भावाकडे ठेवल्यात." मॅग्नेट सर्रकन उजवीकडे.

"गर्भपात?"

"तो त्या बाईचा प्रश्न. मला कशाला विचारतोस?" डावीकडे.

"फाशी?"

"काही जणांना द्यावी." उजवीकडे.

"देशाची सीमा?"

"कडक पाहिजे. पण जे आधीच येऊन राबतायत, त्यांना कागदपत्रं द्या."

युर्गनचा हात हवेतच राहिला. "हे एकाच वाक्यात दोन्हीकडे जातंय!"

"वाक्य जरा लांब झालं," डेल म्हणाला.

शेवटी युर्गनने मॅग्नेट बरोबर मधोमध लावलं. तर डेल चिडला! "मी मधला नाहीये. मधल्याला कशाचंच काही वाटत नाही. मला यातली एकूण एक गोष्ट ठाम वाटते."

युर्गनने बराच वेळ बोर्डाकडे पाहिलं. मग मॅग्नेट काढून खाली डस्टरच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाला, "रेस्टम्युल."

म्हणजे कुठल्याच डब्यात न बसणारा उरलेला कचरा. डेल दिवसभर खूश होता. "वीस वर्षांत जर्मनीनं दिलेली पहिली योग्य नोंद!"

* * *

बंदुकांवरून युर्गनने त्याला पुढचे तीन दिवस सोडलं नाही. माणसं मरतात, कायदा करा, बाकी जग कसं जगतं, वगैरे. डेल शांतपणे सॅलड खात होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बरं. मग तुमच्या आउटोबानवर सगळीकडे ताशी १२०ची मर्यादा घालू या?"

युर्गनने काटा खाली ठेवला. "तो वेगळा विषय आहे."

"माणसं मरतात."

"हे बघ, जबाबदार माणूस दोनशेनंही नीट चालवतो. प्रश्न गाडीचा नाहीच, चालवणाऱ्याचा आहे! आणि चार बेजबाबदार लोकांसाठी सरकारनं बाकीच्यांच्या स्वातंत्र्यावर..."

डेलने खिशातून पेन काढलं, समोरचा पेपर नॅपकिन ओढला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "जरा हळू सांग. भावाला पाठवायचंय."

* * *

उन्हाळ्यात माझे सासरे, नाना, फलटणहून आले होते. निवृत्त शिक्षक. साखर कारखान्यापासून पतपेढीपर्यंतची प्रत्येक निवडणूक जवळून पाहिलेले. ऑफिसची ग्रिल पार्टी होती, घरच्यांना घेऊन या असं सांगितलं होतं, म्हणून त्यांना नेलं. शेतकऱ्याच्या घरातला म्हटल्यावर नानांनी थेट डेलची खुर्ची गाठली. मी मध्ये दुभाषी.

"डेलराव, शेती किती?"

"भाऊ करतो. दोन हजार एकर."

नानांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग हळूच मला, "जमिनीला सीलिंग नाही का गं तिकडे?"

विचारलं. नाही म्हणाला.

"मग हा उजवाच."

तेवढ्यात डेल म्हणाला, की पडलेल्या बाजारात शेतकऱ्याच्या मागे सरकारनं उभं राहिलंच पाहिजे. मी भाषांतर केलं. "मग डावा," नाना म्हणाले. पुढे डेल म्हणाला, की सरकारी माणूस शेताच्या बांधावर आलेला मात्र त्याला चालत नाही. नानांनी मक्याचं कणीस खाली ठेवलं. चष्मा पुसला. आणि निकाल दिला.

"अगं, हा अपक्ष आहे! दोन्हीकडून तिकीट कापलेला! असे आमच्याकडे दर वेळी दोन-तीन निघतात. चिन्ह कुठलं घेणार, विचार."

चिन्ह ही भानगड समजावून सांगण्यात माझी पाच मिनिटं गेली. डेलने गंभीरपणे विचार केला आणि सांगितलं, "पिकअप ट्रक."

"छे छे," नाना म्हणाले, "ट्रॅक्टर घ्या म्हणावं त्यांना. ट्रक बघितला की लोकांना वाटतं, हा सामान घेऊन पळणार!"

* * *

हा एकदम छोटा. घरी नवऱ्याला सांगत होते, की अजून पत्ता लागत नाही डेल डावा की उजवा. आमची सात वर्षांची इरा जमिनीवर चित्र रंगवत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्येच येतं. मान वर न करता म्हणाली, "लिंक्स. माझ्या वाढदिवसाला त्यानं कागद कापले ना, डाव्या हातानं."

मग रंग बदलता बदलता, "पण केक उजव्या हातानं खाल्ला."

* * *

गेल्या वर्षी डेलची पाठ गेली. ऑपरेशन झालं आणि मग डॉक्टरांनी त्याला तीन आठवडे रिहा-क्लिनिकमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, धाडलं. रोज व्यायाम, मसाज, कोमट पाण्याचा तलाव, आणि सगळं विम्यातून. त्याने तलावातला स्वतःचा टोपी घातलेला फोटो भावाला पाठवला. भावाचं, वेनचं, उत्तर आलं: "अभिनंदन. कम्युनिस्ट झालास."

त्याच दिवशी त्याची मुलगी क्लेअर फोनवर होती. पहिल्या लग्नाची मुलगी, बॉस्टनला शिकते. बोलता बोलता सीमेचा विषय निघाला. डेलने आपलं ते लांब वाक्य सुरू केलं. तिने पहिला अर्धा भाग ऐकला, "डॅड, तू फॅसिस्ट आहेस" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी फळं घेऊन भेटायला गेले तेव्हा त्याने मला हे दोन्ही सांगितलं. आम्ही खूप हसलो. शेजारच्या पलंगावरचे आजोबाही हसले. मग डेल हसायचा थांबला.

"मुग्धा, अनोळखी लोकांनी म्हटलं असतं तर मजाच होती. ही दोघं मला ओळखतात."

मी सफरचंद कापत राहिले.

"एक मात्र बरं," थोड्या वेळानं तो म्हणाला, "दोघांनी आपसात ठरवून नाही म्हटलं. चार वर्षं झाली, ती एकमेकांशी बोलतच नाहीत. एकदा जेवताना राजकारण निघालं आणि क्लेअर ताटावरून उठून गेली. तेव्हापासून."

* * *

या वसंतात डेल साठ वर्षांचा झाला. उटेने त्याला पत्ता लागू न देता वेन आणि क्लेअर दोघांनाही बोलावलं. मोठं धाडस! डोंगरातल्या एका गावाच्या गास्टहाउसमध्ये दुपारचं जेवण होतं. कुणी कुठे बसायचं हे युर्गनने ठरवलं होतं. क्लेअर टेबलाच्या डाव्या टोकाला, वेन उजव्या टोकाला, डेल बरोबर मध्ये. वेनच्या शेजारी मी.

सूप होईपर्यंत सगळं ठीक चाललं. मग वेनने टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझ्या भावाला तुम्ही लोकांनी बिघडवलंत."

"आम्ही?" क्लेअर ताडकन म्हणाली. "तो तर सगळं तुमच्यासारखं बोलतो, अंकल वेन!"

"आमच्यासारखं? तुमच्यासारखं!"

"तुमच्या!"

दोघंही त्याला एकमेकांकडे ढकलत होते आणि मधोमध डेल खाली मान घालून श्निट्झेल कापत होता. इतके छोटे तुकडे, की इराला भरवता आले असते. उटे रडायच्या बेतात.

युर्गन उभा राहिला. "आल्झो! आता खेळ!"

वाढदिवसाला खेळ घेतल्याशिवाय इथे चालत नाही. त्याने छापून आणलेले कागद वाटले. त्यावर दहा मतं होती, डेलचीच, पण नाव न घालता. पटतं तिथे टिक, पटत नाही तिथे फुली. सगळे निमूट लिहायला लागले. वेनने वेट्रेसकडून पेन्सिल मागून घेतली. क्लेअरने पर्समधून हिरवं पेन काढलं.

युर्गनने कागद गोळा केले आणि वाचणार, तेवढ्यात केक आला. मेणबत्त्या, गाणं, टाळ्या, फोटो, सगळा गोंधळ. त्यात खेळ राहून गेला. जाताना त्याने घाईघाईत कागद परत केले. "आठवण म्हणून न्या. ज्याचा त्याला!"

वेनच्या हातात पडलेल्या कागदावर सगळ्या खुणा हिरव्या होत्या.

मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण वेनने चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं. मग परत एकदा पहिल्यापासून, प्रत्येक खुणेशी आपली खूण ताडून बघत असल्यासारखं. मग टेबलाच्या त्या टोकाकडे बघितलं. तिकडे क्लेअर पेन्सिलच्या खुणांचा एक कागद नीट चौघडी घालून पर्समध्ये ठेवत होती.

"बरोबर आहे ना?" युर्गनने मागून विचारलं. "तुझाच?"

"हो," वेन म्हणाला, "माझाच." आणि कागद शर्टाच्या खिशात घालून त्याने वरचं बटण लावलं.